वेल्डिंग रोबोटवर पहिला प्रोग्रॅम: पेंडंटआधी फिक्स्चर बघा

आयटीआय करून आलेल्या नव्या पोरांचे डोळे पहिल्या दिवशी पेंडंटवर, म्हणजे रोबोट चालवायच्या हातातल्या पाटीवर असतात. मी पेंडंट देत नाही. हातात व्हर्निअर देते आणि ट्रेमधले दहा ब्रॅकेट मोजायला लावते. तोंडं पडतात, पण पुढं जे काही सांगणार आहे ते सगळं या मोजण्यावर उभं आहे.

आमचं शॉप कुपवाड एमआयडीसीत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे सुटे भाग वेल्ड करतो. शिकवायला मी एकच जॉब धरते: ८ मिमीची बेस प्लेट, तिच्यावर ६ मिमीच्या दोन उभ्या रिब, म्हणजे चार फिलेट (दोन प्लेटच्या कोपऱ्यात भरलेले वेल्ड). ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या मागं लावून ट्रॅक्टर गाळातून बाहेर पडतो तेव्हा या ब्रॅकेटवर काय ताण येतो ते सांगलीच्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. फिलेट नुसती दिसायला छान असून भागत नाही, ती मुळात धरलेली पाहिजे.

आता आकडे बघा. आमचा रोबोट फॅनकचा आर्क मेट १००आयडी. पोच १४४१ मिमी, मनगटावर १२ किलो वजन झेपतं आणि रिपीटेबिलिटी ±०.०२ मिमी. म्हणजे शिकवलेल्या जागेवर तो दर वेळी केसाहून कमी फरकानं परत येतो. आमची वेल्डिंग वायर १.२ मिमीची. वेल्डचा सांधा जागेवरून वायरच्या निम्म्या जाडीइतका, म्हणजे ०.६ मिमी सरकला की फिलेट एका बाजूला चढायला लागते. आणि गॅसनं कापलेल्या प्लेटमध्ये एक-दीड मिमीचा फरक सहज असतो. चूक कुठून येणार हे इथंच कळतं. हातानं वेल्डिंग करणारा माणूस गॅप दिसला की हात जरा हळू करतो, थोडं झुलवतो, भरून काढतो. रोबोटला गॅप दिसत नाही. शिकवलेल्या रेषेवरून तो जाणार, खाली लोखंड असो वा नसो.

म्हणून आधी फिक्स्चर, म्हणजे जॉब जागेवर धरून ठेवणारी चौकट. प्लेट दोन बाजूंनी पिनांना टेकते का? क्लॅम्प बसल्यावर ती पिनांकडं दाबली जाते की उचलली जाते? रिबच्या खाली स्पॅटरचा, म्हणजे वेल्डिंगला उडालेल्या लोखंडाचा दाणा अडकलाय का? दहा नग एकामागं एक बसवा आणि प्रत्येक वेळी सांध्याच्या दोन्ही टोकांना टॉर्चची वायर नेऊन बघा. दहाही नगांत वायर अर्ध्या मिमीच्या आत पडली तर पुढं जा. नाही पडली तर लोकेटर (जॉब टेकायच्या पिना) दुरुस्त करा, कटिंगवाल्याशी भांडा, लेझर कटिंगचा दर काढा. पेंडंटला हात लावू नका.

कुणी म्हणेल, आता वायरनं जॉबला शिवून जागा शोधणारे आणि चालू आर्कच्या करंटवरून सांधा धरणारे रोबोट मिळतात. मिळतात, चांगलेही आहेत. पण प्रत्येक शिवण्याला काही सेकंद जातात, आणि आर्कवरून सांधा शोधायला टॉर्च झुलवावी लागते, ते पातळ पत्र्यावर धड चालत नाही. ढिल्या फिक्स्चरवर सेन्सर चढवणं मला तरी पटत नाही.

यंत्र कसं आहे

रोबोटच्या हाताला सहा सांधे, जे१ ते जे६. जे१ कमरेत फिरतो, जे२ पुढं-मागं वाकतो, जे३ कोपर, आणि जे४, जे५, जे६ मिळून मनगट. पहिले तीन टॉर्चला जागेवर नेतात, शेवटचे तीन तिचा कोन ठरवतात. प्रत्येक सांध्यात एक सर्वो मोटर, एक गिअरबॉक्स आणि मोटर किती फिरली ते मोजणारा एन्कोडर. खालचं कपाट म्हणजे कंट्रोलर, आणि केबलनं लोंबणारी पाटी म्हणजे टीच पेंडंट.

इतिहास थोडक्यात. १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट नावाचा पहिला औद्योगिक रोबोट लागला. काम काय, तर डाय कास्टिंगचे तापलेले भाग उचलायचे. तो हायड्रॉलिक होता. मायक्रोप्रोसेसरवर चालणारा पूर्ण विजेचा रोबोट स्वीडनच्या असेआ कंपनीनं १९७४ मध्ये आणला, तीच पुढं एबीबी झाली. पोरांना यातलं एवढंच लक्षात ठेवायला सांगते की पहिल्या रोबोटलाही जागा शिकवून तीच परत परत करायला लावायचे. आपण आज तेच करतो.

एक फरक मात्र नीट समजून घ्या. शिकवलेल्या जागेवर परत येणं वेगळं, आणि नुसता आकडा टाकून त्या जागेवर जाणं वेगळं. ±०.०२ हा आकडा पहिल्या गोष्टीचा आहे. कंट्रोलरला ‘बेसपासून ९०० मिमी पुढं जा’ असं आकड्यात सांगितलं तर चूक त्याहून बरीच मोठी असू शकते. म्हणून संगणकावर बसून बनवलेला प्रोग्रॅम सेलवर (कुंपणातल्या रोबोटच्या जागेवर) आणला की पॉइंट हातानं सुधारावेच लागतात.

आत जाण्याआधी

की स्विच टी१ वर, म्हणजे हळू चालवून शिकवायच्या मोडवर. या मोडमध्ये टॉर्चचं टोक सेकंदाला २५० मिमीच्या वर जात नाही. ऐकायला कमी वाटतं, पण सेकंदात पाव मीटर म्हणजे चेहऱ्यापर्यंत यायला पुरेसं आहे. म्हणून नवीन माणसानं ओव्हरराइड (वेगाची टक्केवारी) १०% च्या वर न्यायचा नाही.

पेंडंटच्या मागं डेडमन स्विच असतो, त्याला तीन अवस्था. सोडला तर बंद, मधोमध धरला तर चालू, जोरात आवळला तर पुन्हा बंद. घाबरल्यावर काही माणसं हातातलं सोडून देतात आणि काही मूठ आवळतात, दोन्ही प्रकारच्या माणसांत रोबोट थांबला पाहिजे म्हणून ही रचना. तो टेपनं बांधून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. माझ्या सेलवर असं दिसलं तर त्या दिवशी त्या माणसाला पेंडंट नाही, मग तो कितीही जुना असो.

पेंडंट ज्याच्या हातात तोच आत. दुसरं कुणी आत गेलं असेल तर पेंडंटवाल्यानं एकही बटण दाबायचं नाही. उभं राहताना पाठीमागं कुंपण किंवा फिक्स्चरचा टेबल नको, मागं सरकायला वाट मोकळी हवी. ओढणी, गळ्यातलं आयडी कार्ड, मनगटातलं कडं बाहेर. मेंटेनन्सला आत जाताना मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायची.

जॉग करायला शिका, कंटाळा येईपर्यंत

जॉग म्हणजे पेंडंटची बटणं दाबून रोबोट हातानं हलवणं. कोऑर्ड बटणानं चाल बदलते. जॉइंटमध्ये एकेक सांधा फिरतो. वर्ल्डमध्ये टॉर्च सरळ रेषेत एक्स, वाय, झेडवर जाते. टूलमध्ये टॉर्चच्या स्वतःच्या दिशेनं जाते, म्हणजे टॉर्च तिरकी असली तरी वायरच्या रेषेत मागं घेता येते. वेल्डच्या सांध्यातून टॉर्च बाहेर काढताना नेहमी टूल वापरा. वर्ल्डमध्ये काढायला गेलात की नोझल रिबवर घासते.

दिशा लक्षात ठेवायला उजवा हात. तर्जनी एक्स, मधलं बोट वाय, अंगठा झेड. गोंधळ होतो तो आपण रोबोटच्या समोर उभे असतो म्हणून. +एक्स आपल्या अंगावर येतं आणि +वाय आपल्या उजव्या हाताला जातं. पोरं पहिले काही दिवस हात वर करून पुटपुटत फिरतात, हसू नका त्यांना.

कधी कधी सरळ रेषेत नेताना रोबोट अडतो आणि एमओटीएन-०२३ हा अलार्म येतो. जे५ शून्याच्या जवळ आला की जे४ आणि जे६ एका रेषेत येतात, मग मनगट कुठल्या सांध्यानं वळवायचं हे कंट्रोलरला ठरवता येत नाही. जॉइंटमध्ये जाऊन जे५ थोडा वाकवा आणि टॉर्चचा कोन बदलून पॉइंट पुन्हा घ्या. वरचेवर येत असेल तर फिक्स्चर चुकीच्या उंचीवर आहे असं समजा.

टूल आणि फ्रेम

कंट्रोलरला मुळात फक्त मनगटाची चकती माहीत असते. पुढं टॉर्च किती लांब आहे आणि वायरचं टोक कुठं आहे, ते आपण सांगायचं. याला टीसीपी म्हणतात. वायर टिपपासून (टॉर्चच्या टोकाला वायर बाहेर पडते त्या नळीपासून) १५ मिमी बाहेर ठेवून पक्कडनं कापा. टेबलावर एक टोकदार खिळा उभा करा, वायरचं टोक त्या खिळ्याच्या टोकाला तीन वेगवेगळ्या कोनांतून भिडवा आणि तिन्ही वेळा जागा नोंदवा. ही तीन पॉइंटची पद्धत. त्यात टॉर्चची दिशा सांगणारे आणखी तीन मिळवले की सहा पॉइंटची. वेल्डिंगला सहाचीच करा, नाहीतर टूल जॉगला अर्थ राहत नाही.

तपासायचं असं: टूलमध्ये टॉर्च टोकाभोवती फिरवा. लिहिताना हात कसाही वळला तरी निब कागदावर त्याच जागी राहते, तसं वायरचं टोक खिळ्यावरून हलता कामा नये. एक मिमीपेक्षा जास्त हललं तर पुन्हा करा. टॉर्च कुठं धडकली की पहिलं काम हेच, पॉइंट नंतर. टिप झिजून भोक मोठं झालं तरी वायर वाकडी बाहेर पडते आणि सगळे पॉइंट चुकल्यासारखे वाटतात. नवीन टिप लावल्याशिवाय एकही पॉइंट सरकवायचा नाही, हा आमच्याकडं नियमच आहे.

मग यूजर फ्रेम. फिक्स्चरवर तीन जागा ठरवा: मूळ, एक्सची दिशा, वायची दिशा. आम्ही टेबलावर तीन छोटी भोकं पाडून घेतली आहेत. उद्या फिक्स्चर काढून दुसरं लावलं आणि परवा पहिलं परत आणलं की ते दोन-तीन मिमी इकडं-तिकडं बसणारच. फ्रेम असेल तर तीन जागा पुन्हा शिकवायच्या, सगळा प्रोग्रॅम आपोआप सरकतो. फ्रेम नसेल तर चाळीस पॉइंट एकेक करून सुधारत बसायचं. अनेक शॉपमध्ये हेच चाललेलं असतं आणि त्याला ‘सेटिंग’ म्हणतात.

टूल आणि फ्रेम आधी, पॉइंट मागून. उलट केलंत आणि नंतर फ्रेमचा आकडा बदललात तर घेतलेले सगळे पॉइंट जागा सोडतात.

प्रोग्रॅम

एका फिलेटचा प्रोग्रॅम पेंडंटवर असतो तो इंग्रजीत, इथं देवनागरीत लिहिते:

१: यूफ्रेम_नम=१
२: यूटूल_नम=१
३: जे पी[१] ५०% फाइन
४: जे पी[२] ५०% सीएनटी५०
५: एल पी[३] २००मिमी/से फाइन, वेल्ड स्टार्ट
६: एल पी[४] ४०सेंमी/मि फाइन, वेल्ड एंड
७: एल पी[५] २००मिमी/से सीएनटी५०
८: जे पी[१] ५०% फाइन

पहिल्या दोन ओळी फ्रेम आणि टूल निवडतात, पी[ ] म्हणजे शिकवलेला पॉइंट. जे म्हणजे कसंही जा, पण लवकर जा. सहाही सांधे एकदम सुटतात आणि एकदम थांबतात, मधली वाट सरळ नसते. हवेत फिरायला हे ठीक. एल म्हणजे सरळ रेषेत. जॉबच्या जवळ आणि वेल्ड करताना एलच. गोलाईसाठी सी, त्यात मधला आणि शेवटचा असे दोन पॉइंट द्यावे लागतात.

फाइन म्हणजे त्या जागेवर पूर्ण थांब. सीएनटी म्हणजे न थांबता कोपरा गोल मारून पुढं जा, आकडा जितका मोठा तितका कोपरा जास्त कापला जातो. वेल्डच्या सुरुवातीला आणि शेवटी फाइन, हवेतल्या पॉइंटला सीएनटी. सगळीकडं फाइन टाकलं तर रोबोट अडखळत चालतो आणि सायकल टाइम वाया जातो.

पी[२] आणि पी[५] हे जॉबच्या वरचे, जवळ येण्याचे आणि दूर जाण्याचे पॉइंट. नवी पोरं हेच वगळतात. होमवरून, म्हणजे पी[१] वरून थेट सांध्यात उतरायला गेलात की वाटेत क्लॅम्प आहेच.

दुसऱ्या कंपनीचा रोबोट भेटला तर घाबरायचं कारण नाही. यास्कावावर मूव्हजे, मूव्हएल आणि आर्कऑन, आर्कऑफ. एबीबीवरही मूव्हजे, मूव्हएल, तिथं सीएनटीच्या जागी झेड१०, झेड५० असे झोन, ते थेट मिमीत. कुकावर पीटीपी, लिन आणि सर्क. विचार तोच, बटणं वेगळी.

पॉइंट घेताना टॉर्च कशी धरायची हे मला आमच्या शॉपमधल्या जुन्या वेल्डर मामांनी शिकवलं, कुठल्या मॅन्युअलनं नाही. फिलेटला दोन्ही प्लेटमध्ये ४५ अंश, आणि चालण्याच्या दिशेत १० ते १५ अंशांचा कल. आमच्या ६ मिमीच्या रिबला ८०-२० आर्गॉन-कार्बन डायऑक्साइड गॅसवर २२० ते २४० अँपिअर चालतो. प्लेट जाड म्हणून वायरचं टोक बरोबर कोपऱ्यात न ठेवता किंचित बेस प्लेटकडं. क्रमही मामांचाच: एका रिबच्या दोन्ही बाजू लागोपाठ करायच्या नाहीत. वेल्ड ज्या बाजूला, त्या बाजूला रिब ओढली जाते, आणि मग दुसऱ्या बाजूचा शिकवलेला सांधा जागेवर राहत नाही. पहिल्या रिबची बाहेरची, मग दुसरीची बाहेरची, मग आतल्या. दोन्ही टोकांना टॅक (आधी मारलेले छोटे वेल्ड) पक्के हवेत. चांगला वेल्डर रोबोटवर लवकर तयार होतो. नुसता कॉम्प्युटर येणारा वेळ घेतो. हे माझं मत आहे, इंजिनिअर मंडळींनी राग मानू नये.

पॉइंट घेऊन झाले की स्टेप लावून एकेक ओळ चालवा, पुढं आणि मागंसुद्धा, कारण मध्येच आर्क तुटला तर तुम्हाला त्याच वाटेनं मागं यायचंय. मग वेल्ड बंद ठेवून सलग, १०%, ३०%, आणि कुंपण लावून ऑटोमध्ये १००%. ही शेवटची पायरी चुकवू नका. सीएनटीचा कोपरा वेगाप्रमाणं बदलतो. सावकाश चालवताना क्लॅम्पपासून लांबून जाणारी टॉर्च पूर्ण वेगात कोपरा जास्त कापते आणि क्लॅम्पला भिडू शकते.

सिग्नल

जॉब बसला का, क्लॅम्प लागला का, हे रोबोटला डीआयवरून (आत येणाऱ्या सिग्नलवरून) कळतं. क्लॅम्प उघडायला तो डीओ (बाहेर जाणारा सिग्नल) देतो. प्रोग्रॅममध्ये ‘वेट डीआय[१]=ऑन’ लिहायचं. ‘वेट २ सेकंद’ लिहून मोकळं व्हायचं नाही. कॉम्प्रेसरचा प्रेशर पडला की क्लॅम्पला तीन सेकंद लागतात आणि टॉर्च उघड्या क्लॅम्पवर उतरते. जॉब बसलाय का ते बघणाऱ्या प्रॉक्सिमिटी सेन्सरवर स्पॅटर चिकटला की तो जॉब नसतानाही ऑन दाखवतो. म्हणून जॉब काढल्यावर सिग्नल ऑफ होतो का, तेही प्रोग्रॅममध्येच तपासून घ्या.

लाइट आणि बॅटरी

मे महिन्यात वळीव आला की आमच्याकडं लाइट जायची. रोबोटला त्यानं काही होत नाही, तो जागेवर ब्रेक लावून थांबतो. एन्कोडरची आठवण बेसमधल्या डी साइजच्या चार बॅटरी सेलवर टिकते. ते सेल आम्ही दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी बदलतो, आणि कंट्रोलर चालू ठेवूनच. एका शॉपमध्ये सुट्टीत सगळी मेन बंद असताना कुणीतरी काळजी म्हणून सेल बदलले. परत आले तर एसआरव्हीओ-०६२ हा अलार्म, आणि रोबोटला स्वतःचा हात कुठं आहे ते माहीत नाही. मग मास्टरिंग, म्हणजे प्रत्येक सांध्याचं शून्य रोबोटला पुन्हा सांगणं. सांध्यांवरच्या खुणा डोळ्यांनी जुळवून केलेलं मास्टरिंग मिमीत चुकतं, म्हणजे पुन्हा सगळे पॉइंट बघणं आलं. क्विक मास्टरिंगनं वाचता येतं, पण त्याचा रेफरन्स रोबोट धडधाकट असतानाच नोंदवून ठेवलेला हवा. तो नोंदवलाय का, हे आज जाऊन विचारा. बॅकअप यूएसबीवर, ‘ऑल ऑफ अबव्ह’ निवडून. एक प्रत रोबोटपाशी, एक ऑफिसात.

शिफ्ट संपताना वहीत लिहायचं: कोणता पॉइंट टचअप केला (सरकवून पुन्हा नोंदवला), कुठल्या दिशेला, किती, आणि का. पुढच्या शिफ्टवाल्यानं आधी वही वाचायची. एकच पॉइंट आठवड्यात तीन-चार वेळा एकाच बाजूला सरकवलेला दिसला तर पाचव्यांदा सरकवू नका. तिथली लोकेटर पिन झिजली आहे, टूलरूमला सांगा आणि पिन बदलल्यावर पॉइंट मूळ जागी आणून ठेवा.